घरची मजुरी कुणाच्या खात्यावर?

शेतीचा जमाखर्च लिहून ठेवा, हे सांगता सांगता माझी तीस वर्षे नोकरी झाली. बियाणे कितीचे, खत कितीचे, औषधाला किती गेले, नांगरटीचे किती दिले, खुरपणीला किती बाया लागल्या, हे सारे वहीत उतरले पाहिजे. नाही तर पीक फायद्यात गेले की तोट्यात, हे कळायचे कसे? विस्तार खात्याचा माणूस गावात आला की हे पालुपद ठरलेलेच. आता बरीच शेतकरी मंडळी वही ठेवतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण या वहीत एक रकाना नेहमी कोरा राहतो. त्या कोऱ्या रकान्याविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत.

हमीभावाची चर्चा निघाली की आपण काय म्हणतो? खर्च धरताना घरच्या माणसांची मजुरीही धरा. मागणी रास्तच आहे. केंद्राचा कृषी मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. १९८५ पासून त्याला कृषी खर्च व मूल्य आयोग म्हणतात. या आयोगाच्या हिशेबात 'ए-२ अधिक एफएल' असा एक शब्द येतो. ए-२ म्हणजे प्रामुख्याने खिशातून गेलेला खर्च आणि एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी. शेतकरी स्वतःच्या रानात राबतो, त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. तरी त्या राबण्याला किंमत आहे आणि ती हिशेबात धरली पाहिजे, एवढे यात मान्य झालेले आहे. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण हा हिशेब बांधावर येऊन थांबतो. घरची बाई खुरपायला बसली की तिचा तास मोजला जातो. त्याच बाईने पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, म्हाताऱ्या सासऱ्यांना अंघोळीला पाणी दिले, पोरांना शाळेत धाडले आणि मग ती रानात आली, तर ते आधीचे चार तास कुठेच नाहीत. ना आयोगाच्या कागदावर, ना आपल्या वहीत. सरकारपुढे आपण घरची मजुरी मागतो. मग आपल्याच घरात घरची मजुरी कुणाच्या खात्यावर पडते, हे एकदा बघायला नको का?

गावातल्या बैठकांत मी एक सोपा प्रयोग करत आले आहे. कुणीही करून पाहावा असा आहे. चोवीस शेंगदाणे घ्यायचे. एक दाणा म्हणजे दिवसाचा एक तास. जमिनीवर खडूने चौकोन आखायचे: झोप, रानातले काम, गोठा, स्वयंपाक-पाणी, मुले-म्हातारी, बाजार-बँक-सोसायटी, विसावा. पुरुषांनी आपले दाणे मांडायचे आणि बायकोचेही आपल्या अंदाजाने मांडायचे. बायकांनी पलीकडे बसून तसेच करायचे.

एका गावात पुरुषांनी बायकांच्या विसाव्याच्या चौकोनात पाच दाणे ठेवले. 'दुपारी घरातच असतात की, मॅडम,' असे त्यांचे म्हणणे. पलीकडे बायकांची मांडणी चालू होती. त्यांचे चोवीस दाणे संपले तरी धुणे, दळण आणि वैरण हे तीन चौकोन रिकामेच होते. एक पोक्त बाई माझ्याकडे बघून म्हणाली, 'दाणं संपलं, पण काम संपलं न्हाई. आता काय करू?' सगळे हसले. मग तिने झोपेच्या चौकोनातला एक दाणा उचलला आणि गोठ्यात टाकला. हसणे तिथेच थांबले.

तिने जे दाण्यांनी दाखवले, तेच केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने १ लाख ३८ हजारांहून जास्त घरांत जाऊन मोजले आहे. जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केले, हे अर्ध्या अर्ध्या तासाने विचारून घेतले. सहा वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारले. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया निघाल्या शंभरांत ८१, आणि अशी प्रत्येक बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होती. पुरुष निघाले शंभरांत २६, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे.

२९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. रोज एवढे काम धरले आणि आठ तासांचा एक रोज मानला, तर वर्षाचे २२७ रोज होतात. मजूर लावून हेच काम करून घ्यायचे म्हटले तर केवढी उचल द्यावी लागेल, याचा विचार करा. शिवाय मुले, आजारी माणसे, म्हातारी यांना बघणे यात धरलेले नाही. ते वेगळे मोजले आहे.

पुरुष मंडळींनी रागावू नये. पुरुष काम करत नाहीत, असे मी म्हणत नाही आणि पाहणीही म्हणत नाही. पैसे मिळतील अशा कामात आणि त्यासाठीच्या खटाटोपात शंभरांत ५७ पुरुष होते आणि ते दिवसाला सरासरी ४५९ मिनिटे खपत होते. बायांत असे काम करणाऱ्या शंभरांत १८ आणि त्यांची ३३३ मिनिटे. रात्री-अपरात्री वीज आली म्हणून कंदील नाही तर बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी मी पाहिलेला आहे. पायाखाली साप आहे की दोरी, हे त्याला दिसत नाही. मुद्दा जास्त कोण राबतो, हा नाही. पुरुषाच्या कामाला नाव आहे, त्याचा आरंभ आहे, शेवट आहे आणि बहुतेक वेळा त्याचा पैसा दिसतो. बाईच्या कामातले मोठे गाठोडे बिनमोलाचे, आणि म्हणून ते न मोजलेले.

या न मोजण्याचा आणखी एक पुरावा जनगणनेत सापडतो. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच आपला मुख्य उद्योग आहे, असे सांगणाऱ्या बाया देशात सुमारे १६ कोटी होत्या. जनगणनेच्या भाषेत त्या 'काम न करणाऱ्या' ठरल्या. पहाटे चारला उठणारी बाई काम न करणारी!

नोकरीमुळे माझे बिऱ्हाड आता पुण्यात आहे, आणि या गोष्टीची दुसरी बाजू मला इथे रोज दिसते. पुण्यात भांडी, धुणी, केर-फरशी, पोळ्या या प्रत्येक कामाला दर आहे. गावाकडे ज्याला कुणी काम म्हणत नाही, त्याचा इथे महिन्याला पगार ठरतो. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर, उस्मानाबाद, बीड, नगर या भागांतली कितीतरी कुटुंबे पुण्या-मुंबईच्या वाटेला लागली. पुरुषांना हमाली, बांधकाम मिळाले. बायांना मिळाली घरकामे. आठ वर्षांनी, १९८० साली, पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ हवी, आजारपणाची रजा हवी, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. भांडी घासणे हेही काम आहे आणि ते करणारी बाई कामगार आहे, हे कायद्याच्या कागदावर यायला इतकी वर्षे लागली.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी सोलापूर जिल्ह्यातल्या. चार घरची कामे करतात. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, 'ताई, गावाला पण हीच भांडी घासत हुते, तवा कुणी काम म्हणलं न्हाई. हितं घासते तर पगार घेते.' आणि मग हसून म्हणाल्या, 'पर पाचवं घर माझं. तितं पगार न्हाई, आन् सुट्टी बी न्हाई.' दुपारी चार वाजता त्या आपल्या खोलीवर जातात, तेव्हा पाचवे घर वाट बघतच असते.

आपल्याला वाटते, शहरात गॅस, नळ, मिक्सर आहे, तिथल्या बाईला काय काम! माझाही तसाच समज असता, पण २०१९ च्या पाहणीचे आकडे वेगळेच बोलतात. घरकाम करणाऱ्या खेड्यातल्या बाईची सरासरी ३०१ मिनिटे, शहरातल्या बाईची २९३. फरक अवघा आठ मिनिटांचा! नळ आला, हंडा उतरला. पण हंडा उतरल्यावर जो वेळ उरला त्यात दुसरे काम येऊन बसले. तेव्हा नुसत्या सोयी आणून भागत नाही. त्या हव्यातच, धुरात डोळे फोडत बसावे, असे कोण म्हणेल? पण सोय आली तरी काम कुणी करायचे, हे ठरलेलेच राहिले, तर बाईचा दिवस काही लहान होत नाही.

हीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बायांची मिनिटे २९९ वरून २८९ वर आली. ऐकून बरे वाटले. मग पुरुषांचे बघितले, तर तेही ९७ वरून ८८ वर! म्हणजे बाईच्या अंगावरची दहा मिनिटे उतरली ती काही पुरुषाने उचलली म्हणून नव्हे.

मोजमाप नसले की काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण आपल्या उसाच्या फडात आहे. ऊसतोडीला जोडपे जाते आणि त्या जोडप्याला म्हणतात 'कोयता'. दोन माणसे, पण मोजणी एक. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. बाई मध्यरात्रीनंतर उठते, चूल पेटवते, भाकऱ्या बांधून घेते. फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. खोपीवर परतली की पुन्हा पाणी, सरपण, स्वयंपाक. नवरा-बायको एकाच फडातून, एकाच थकव्याने परत येतात. एक जण पाठ टेकतो आणि दुसरी चुलीपुढे बसते. एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. ज्या बाईला पाळीच्या दिवसांतही एक खाडा परवडत नाही, तिच्या शरीराचे काय होणार? पुण्याला शिवाजीनगरात साखर संकुल आहे. उसाच्या प्रत्येक टनाचा, साखरेच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब तिथे ठेवला जातो. त्या इमारतीवरून जाताना मला अनेकदा कोयता या शब्दातली न मोजलेली अर्धी बाजू आठवते.

असे नाही की घरातल्या कामाला किंमत लावताच येत नाही. माझी आई सांगायची, दुष्काळी कामावर माती-खडीचे मोजमाप व्हायचे आणि मजुरी तिच्या हातात पडायची. तोवर तिच्या हाताला पैसा असा लागलेलाच नव्हता. पुढे महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला, तो देशाला वाट दाखवणारा ठरला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर अशी तरतूद होती, की कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील, तर एका बाईने ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. पोरे सांभाळणे हा रोज भरतो, हे तिथे मान्य झाले होते. तीच पोरे घरी सांभाळली की मात्र तो रोज नाहीसा होतो.

न्यायालयांनाही हे काम मोजावे लागले आहे. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आगीत मेलेल्या गृहिणींच्या घरच्यांना भरपाई देताना त्यांच्या कामाची किंमत महिना ३ हजार रुपये धरली. जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात त्याच न्यायालयाने २०१९ च्या पाहणीतली २९९ आणि ९७ ही मिनिटे निकालपत्रात घेतली आणि गृहिणीचे उत्पन्न शून्य धरता येणार नाही, हे बजावले. हा निकाल खेड्यातल्या घरांनी लक्षात ठेवावा. कुणावर अशी वेळ आली तर 'ती काही कमवत नव्हती' असे वकिलाला सांगू नये. पण मनाला लागते ते एवढेच, की बाई गेल्यावर भरपाईसाठी जे काम मोजले जाते, ते ती चालती-बोलती असताना कुणी मोजत नाही.

आइसलँड नावाचा एक लहानसा थंड देश आहे. तिथल्या बायांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी एक दिवस सगळे काम बंद ठेवले; नोकरीवरचे आणि घरातलेही. सुमारे नव्वद टक्के बाया त्यात होत्या. बापांना पोरे घेऊन कचेरीत जावे लागले. पुढल्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. आपल्याकडे असा संप व्हावा, असे मी सुचवत नाही. जनावरांना संप कळत नाही आणि धारा चुकवून चालत नाही. संपाशिवायही पुष्कळ करता येते.

पहिली गोष्ट, एक दिवस मोजा. पोरांच्या वहीतला एक कागद घ्या, पहाटे चारपासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या रेघा मारा. नवऱ्याने आपला कागद भरावा, बायकोने आपला. लिहिता येत नसेल तर नातवंडे लिहितील. मुलीचा आणि मुलाचाही कागद करा. दहावीच्या वर्षात मुलगी किती भांडी घासते आणि मुलगा किती, हे तिथेच दिसेल.

दुसरी गोष्ट, कागद समोर ठेवून दोन-तीन कामे हलवा. बाईशिवाय होणारच नाहीत अशी कामे जगात दोनच, मूल जन्माला घालणे आणि त्याला अंगावर पाजणे. बाकी सगळी शिकता येतात. जो माणूस ठिबकची नळी जोडतो, पंपाचा फुटबॉल काढून साफ करतो, त्याला कुकर लावणे जड जाऊ नये. संध्याकाळची वैरण, रात्रीची भांडी, सकाळी मुलांची तयारी, एवढे जरी वाटून घेतले तरी बाईच्या दिवसातला तास-दीड तास सुटतो.

तिसरी गोष्ट, अवजार घेताना कुणाचा वेळ वाचणार, हे विचारा. ट्रॅक्टर आला, नांगरट सोपी झाली, चांगले झाले. पण खुरपणी, कांद्याची लागण, वैरण, दळण ही कामे होती तिथेच राहिली. दातेरी विळा, चाकाचे कोळपे, कडबाकुट्टी यांना ट्रॅक्टरच्या मानाने थोडा पैसा लागतो. घरात त्यांचा विषय मात्र शेवटी निघतो. या हंगामात तो पहिल्यांदा काढा.

चौथी गोष्ट, जिचे तास तिचे नाव. गोठा बाई बघते, धार बाई काढते, तर दुधाचे बिल तिच्या खात्यावर का जाऊ नये? देशातल्या खातेदारांत बायका शंभरांत चौदाच्या आसपास होत्या, असे २०१५-१६ च्या कृषी गणनेत दिसले. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले होते; पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन लावून दिली. म्हणजे हे आपल्या मातीत घडलेले आहे.

आणि आमच्यासारख्या अधिकाऱ्यांकडूनही एक गोष्ट मागून घ्या. बीजप्रक्रिया, धान्याची साठवण, जनावरांचे आजार या विषयांवरची बैठक सकाळी अकराला ठेवली, तर जी हे काम प्रत्यक्ष करते तीच तिथे नसते. बैठक कधी ठेवायची, हे गावातल्या बायांना विचारून ठरवा, असे आमच्या माणसांना ठणकावून सांगा. दुपारी तीनचा सुमार असेल, नाही तर रात्री जेवणानंतर देवळात; आम्ही येऊ.

'रांधा, वाढा, उष्टी काढा' असे आपण सहज म्हणून जातो. यातल्या एकेका शब्दाला किती मिनिटे लागतात, ते या रविवारी मोजून पाहा. वहीतला तो कोरा रकाना तुमच्याच हाताने भरा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा. मग कोणते काम कुणाकडे हलवले, हे पत्राने कळवा. दुसऱ्या घरांना त्याचा उपयोग होईल.